सबनीसांचा पहिला आठवडा

हे मी अजितलासुद्धा सांगितलेलं नाही. अजित माझा नवरा — आणि त्याच्यासाठीच हे केलं, असं मी स्वतःला कितीतरी वर्षं पटवत आले. तुम्हाला का सांगते आहे? माहीत नाही. पण निम्म्यावर थांबणार नाही.

माझं काम आरोग्य-मानसशास्त्राचं. दुबईतल्या एका क्लिनिकमध्ये डॉक्टर औषध लिहून देतात आणि पेशंटला माझ्याकडे पाठवतात. कारण आजार नुसता शरीरात नसतो — सवयीत असतो, भीतीत असतो, घरात असतो, ऑफिसातही असतो. गोळी लिहून देणं सोपं. माणूस ती रोज घेईल असं बघणं, ते माझ्याकडे. आमची रीत अशी, की पहिल्या आठवड्यात एकच बदल सांगायचा, आणि तोही इतका लहान की हरताच येऊ नये. जेवणानंतर दहा मिनिटं चाला, बस. ते जमलं की माणसाचा स्वतःवर विश्वास बसतो, मग पुढचं. पहिल्याच आठवड्यात जो हरतो, तो शरमेनं पुन्हा येत नाही. हे मला तोंडपाठ आहे. तेव्हाही होतं.

सबनीस अजितच्या कंपनीत एचआर मॅनेजर. दोन हजार आठची मंदी आली आणि दुबईतल्या अल क्वोज भागातली कंपनीची कामं एकेक करून बंद पडली. एका शुक्रवारी सबनीस आमच्याकडे थालीपीठ खाऊन, "वहिनी, अजितची काळजी सोडा," असं म्हणून गेले. चार दिवसांनी अजितला कामावरून कमी केल्याचं पत्र मिळालं. सही सबनीसांची, आणि तारीख त्या शुक्रवारच्या आधीची. व्हिसा रद्द झाला. अजित आमच्या सहा वर्षांच्या मुलाला घेऊन पुण्याला गेला आणि मी नोकरीसाठी मागे राहिले — चार वर्षं. मुलगा फोनवर इंग्रजीत एका शब्दात उत्तर द्यायचा आणि फोन बाबाकडे द्यायचा. हा राग जायला हवा होता का? नाही गेला. अजूनही पुरता गेलेला नाही.

मग एका ऑगस्टमध्ये सबनीस माझ्यासमोर येऊन बसले. ब्लडप्रेशर भलतंच वाढलेलं, शुगर वाढलेली, दिवसाला वीस सिगारेटी. मला पाहून त्यांचा चेहरा खुलला.

"बरं झालं वहिनी, घरचंच माणूस मिळालं. मला छोटंमोठं काही नको, फुल टार्गेट द्या. यल्ला, चला, एकदम सगळं लिहा."

मी लिहिलं. सिगारेट आजपासून बंद, साखर बंद, भात बंद, वरून मीठ बंद, रोज पहाटे तासभर चालणं. त्यात खोटं एक अक्षर नव्हतं — कुठल्याही डॉक्टरला दाखवा, मान डोलावेल. पण हे त्यांना झेपणार नाही, हे लिहितानाच मला ठाऊक होतं. वर गोड हसून म्हटलं, तुमच्यासारख्या माणसाला यात काय कठीण? खरं सांगू — मजा आली.

ते परत आले नाहीत. न येणाऱ्याला फोन करणं हेही माझंच काम. मी केला नाही. फाइलमध्ये मात्र लिहिलं, तीनदा फोन केला, प्रतिसाद नाही.

डिसेंबरात त्यांची बायको आली. सबनीसांना अर्धांगवायू झाला होता. उजवी बाजू गेली, बोललेलं कुणाला कळेना. माझा कागद घेऊन गेल्यावर पाचव्याच दिवशी त्यांनी सिगारेट ओढली आणि "आता खलास, काही उपयोग नाही," म्हणून गोळ्याही सोडल्या होत्या. मला वाटलं, ही भांडायला आली. ती माझी माफी मागत होती.

"तुम्ही इतकं नीट लिहून दिलं होतं. यांनीच केलं नाही. मी रोज ऐकवते त्यांना."

आजारी माणसाला आजाराचा दोष द्यायचा नाही, हे आम्हाला अगदी सुरुवातीला शिकवतात. एक वाक्य बोलले असते, तर निदान ते रोजचं ऐकवणं थांबलं असतं. ज्याला धड उत्तरही देता येत नाही, त्याला ऐकवणं.

मी तिचा हात हातात घेतला आणि म्हटलं, "काय करणार, मनावर घ्यायला हवं होतं त्यांनी."

ती डोळे पुसून घरी गेली, त्यांच्याकडे. त्या रात्री मला गाढ झोप लागली.