गुडघ्यांसाठी अश्वगंधा

आमच्या घरात कुणी उदास होत नाही. पित्त होतं, गॅस होतो, फार तर अंगात कणकण वाटते. त्यामुळे हे वागळे इस्टेटमधल्या कंपनीतून निवृत्त झाले आणि गॅलरीत खुर्ची टाकून समोरच्या बिल्डिंगच्या पाण्याच्या टाक्या बघत बसायला लागले, तेव्हा मीसुद्धा आधी ओवाच दिला.

ओव्याने काय होणार? सकाळी आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून बसायचे. जेवण निम्म्यावर आलं. रात्री नुसती कूस बदलायची आणि दुपारी तोंडावर पेपर घेऊन पेंगायचं. डॉक्टरांचं नाव काढलं की म्हणायचे, मला काय धाड भरलीय! मला मात्र धास्ती बसली होती. हा माणूस माझ्या डोळ्यांदेखत खंगत जाणार आणि मी ओवा भाजत बसणार.

शेवटी खालच्या मजल्यावरच्या वहिनींनी अश्वगंधा सुचवली. त्यांच्या सासरची इथे पूर्वी भातशेती होती. आता बिल्डिंगा आहेत, पण औषधं अजून शेतावरचीच. थकवा, झोप, मन, सगळ्यावर चालते म्हणाल्या. मन हा शब्द आमच्याकडे काढायची सोय नव्हती. म्हणून मी हळदीच्या दुधात चूर्ण कालवून गुपचूप द्यायला लागले. हळदीच्या रंगात काहीही खपतं.

थोड्याच दिवसांत ह्यांचं पोट बिघडलं, वर भर सकाळी गुंगी. ओढतच ठाकुर्लीला आमच्या जुन्या डॉक्टरांकडे नेलं. नवीन काही घेताय का, असं त्यांनी विचारल्यावर मी मान खाली घालून चूर्णाचं सांगून टाकलं. ह्यांनी माझ्याकडे बघितलं आणि खिशातून गोळ्यांची बाटली काढून टेबलावर ठेवली. तीही अश्वगंधाच! माझ्या नकळत स्टेशनजवळून आणलेली.

कशासाठी घेत होतात, डॉक्टरांनी विचारलं. गुडघ्यांसाठी, आम्ही दोघंही एकदमच म्हणालो. ते हसले. तुमचे गुडघे माझ्यापेक्षा बरे आहेत, आधी दोन्ही बंद करा, म्हणाले. मग पेन खाली ठेवून त्यांनी खुर्ची ह्यांच्याकडे वळवली.

“सकाळी तयार होतो आणि जायला कुठे नसतं,” हे म्हणाले. “कशातच मन लागत नाही. कधीकधी रडू येतं.”

इतक्या वर्षांच्या संसारात असं काही मी त्यांच्या तोंडून ऐकलं नव्हतं. वाईट वाटायच्या ऐवजी मला चक्क हायसं वाटलं. डॉक्टर म्हणाले, यालाही औषधपाणी असतं, लाजायचं काय त्यात. मनाच्या डॉक्टरांकडे जायला सांगून ते माझ्याकडे वळले. तुमचं कसं चाललंय? मी सवयीने म्हणाले, मजेत.

“मजेत कसली,” हे म्हणाले. “ही पण झोपत नाही. माझा श्वास ऐकत पडलेली असते. मला कळतं.”

आणि मला वाटत होतं, झोपेचं सोंग मला छान जमतं.