शोभामावशींचा नेम

बुद्धवंदना संपून सगळे जेवायला उठले, तेव्हा शोभामावशींच्या खांद्यावर, ब्लाउजच्या कडेला काळानिळा डाग दिसला. त्यांनी तो लपवला नाही. "बंदुकीचा धक्का आहे," म्हणाल्या आणि भात वाढायला लागल्या.

"मावशी, आत्ताच शील घेतलंत ना, हिंसा न करण्याचं?" मी विचारलं.

"मी कोणाला मारणार नाही रे. मला फक्त बघायचं आहे."

मावशी नागपूरच्या, इथे अमेरिकेत, ट्रॉय शहरात गाड्यांचे सुटे भाग तपासणाऱ्या इंजिनिअर. कोणी काही छातीठोकपणे सांगितलं की विचारायच्या, "तू पाहिलंस, की तुला वाटलं?" मी त्यांचा शेजारी; हा प्रश्न मीही अनेकदा झेलला होता.

आदल्या वसंतात त्यांचे यजमान, मधुकरकाका, रानात मशरूम वेचायला गेले होते. टर्की या मोठ्या रानपक्ष्याच्या शिकारीचा मोसम होता. रॉन नावाच्या शिकाऱ्यानं त्यांच्यावर छर्रे झाडले. काकांचे दोन्ही डोळे गेले. नर टर्कीचं डोकं निळसर असतं आणि काकांचं जॅकेट निळं होतं. रॉननं कोर्टात सांगितलं, "मी स्कोपमधून, बंदुकीवरच्या दुर्बिणीतून, नीट पाहिलं. मला टर्कीच दिसला." अपघात ठरला. दंड झाला, शिकारीचं लायसन्स काही वर्षांसाठी गेलं.

काका म्हणाले, "जाऊ दे, शोभा."

"तुम्ही जाऊ द्या. मी नाही."

मावशींनी रॉनच्या बंदुकीसारखीच बंदूक घेतली, वर तसाच स्कोप बसवला आणि त्याच्याच शूटिंग क्लबच्या मेंबर झाल्या. रेंजवर मीच त्यांना ड्राइव्ह करून न्यायचो. वाळूच्या पिशव्यांवर बंदूक टेकवायची, कागदावर बार काढायचा, छर्ऱ्यांचा घोळका कुठे पडला ते बघायचं, स्कोपची कळ थोडी फिरवायची, पुन्हा बार. हिवाळाभर त्यांचा खांदा ठणकत होता. घोळका कागदाच्या मधोमध पडू लागला, तरी त्या थांबल्या नाहीत. "खोट माझ्या बंदुकीत आहे असं कोणी म्हणायला नको," म्हणायच्या.

मोसमाआधी सगळे मेंबर आपापले स्कोप जुळवायला जमले. रॉनही होता, नवख्यांना शिकवत. मावशींनी आपली बंदूक रिकामी, उघडी करून सगळ्यांना दाखवली आणि पिशव्यांवर ठेवली. समोर, काका उभे होते तेवढ्याच अंतरावर, कागदाऐवजी त्यांचं निळं जॅकेट टांगलं.

"प्लीज लुक," त्या म्हणाल्या.

एकेक जण वाकून बघू लागला. कोणाला चेन दिसली, कोणाला खिशाचं बटण. एका म्हाताऱ्याला कॉलरवरची भोकं दिसली. त्यानं टोपी काढली. शेवटी सगळे रॉनकडे वळले.

तो वाकला. बराच वेळ वर आला नाही.

"डिड यू लुक, रॉन? ऑर डिड यू थिंक?"

रॉनचा चेहरा पांढराफटक पडला होता. "आय नेव्हर लुक्ड," तो पुटपुटला. "पाला हलला, आणि मी फायर केलं."

क्लबनं त्याच आठवड्यात त्याची मेंबरशिप कॅन्सल केली. गावातल्या शिकाऱ्यांनी त्याच्यात ऊठबस सोडली. हे मला मावशींनीच चहा गाळता गाळता सांगितलं. आवाजात समाधान होतं आणि त्याची त्यांना जराही लाज नव्हती.

एका रविवारी मी त्यांच्याकडे बसलो असताना बेल वाजली. दारात रॉन होता, हातात टोपी घेऊन. "आय केम टू से सॉरी."

"मला सांगू नकोस," मावशी इंग्रजीत म्हणाल्या. "मी माफ करणार नाही. ते आत बसलेत. त्यांना सांग."

त्यांनी दार पूर्ण उघडलं. सोफ्यावर बसलेल्या काकांनी चेहरा वळवला, पण दाराकडे नाही, खिडकीकडे.

"कोण आलंय, शोभा?"

रॉननं तोंड उघडलं. मावशी वाट बघत राहिल्या.  मग तो मागे सरकला, पायऱ्या उतरला आणि गाडीत जाऊन बसला.

मावशींनी दार लावलं.

"कोणी नाही," त्या म्हणाल्या.