शीतगृहाचं दार

द्राक्षांच्या शीतगृहात काम करणारी ती बाई मला एकदाच भेटली. नव्वदीचं दशक सरत होतं. कामगार संघटनेची पत्रकं वाटत मी नाशकातल्या एका अॅक्युपंक्चरच्या दवाखान्यात शिरलो होतो. ती हरसूलकडची होती. बोलतानाही तिनं बोटं काखेत दाबून धरली होती.

चिनी वैद्यक शिकलेले डॉक्टर तिला समजावत होते, "मावशी, आजार बाहेरून शिरतो. वारा, थंडी, ऊन, ओल, कोरडेपणा आणि आग, अशी सहा कारणं. तुमच्या बोटांत थंडी शिरलीय."

"शिरली नाय, मुकादमानं घातली," ती म्हणाली. "हातमोजे मागितले की म्हणतो, घरी बस. आज तुम्ही सुया टोचून थंडी काढाल, उद्या मी परत आत. त्यापेक्षा एकदा त्यालाच सांगा की."

डॉक्टर उठले आणि तिच्यासोबत शीतगृहाकडे निघाले. मीही मागोमाग गेलो. मुकादम अर्ध्या बाह्यांच्या शर्टात आत ओल्या फरशीवर पेट्या तपासत होता. तिनं आम्हाला आत घेतलं, दार लावलं आणि दाराला पाठ टेकून उभी राहिली.

"दार उघडं ठेवलं तर माल खराब होतो, तुम्हीच सांगता ना साहेब? डॉक्टर, सावकाश सांगा. सहाही सांगा."

कामगाराचा आजार कामाच्या जागी तयार होतो आणि तिथंच रोखायचा असतो, हे मी पत्रकांत लिहीत होतो. ती ते करत होती.

डॉक्टर उन्हापर्यंत पोचले आणि कुडकुडत मुकादम ओरडला, "देतो, सगळ्यांना हातमोजे देतो! दार उघड आधी!"

ती हलली नाही. "ओलीचं राहिलंय अजून, साहेब. बुटांचं बोला."