आगबोट-आत्याचं संध्याकाळचं लुगडं

बीडमध्ये आमच्या घरामागच्या गल्लीत राहणारी आगबोट-आत्या दिवसातून दोनदा लुगडं नेसायची. सकाळचं निळं, जाडंभरडं. दिवे लागायला अर्धा तास उरला, की ती हातपाय धुवायची, केस विंचरायची आणि दुसरं नेसायची. ते पांढऱ्या अंगाचं आणि करड्या काठाचं होतं. तांब्यात निखारे घालून ती त्याचीच इस्त्री लुगड्यावर फिरवायची. मग उंबऱ्यावर येऊन बसायची. तिच्याकडे कुणी यायचं नसे आणि तिला कुठं जायचं नसे. जेवायलाही बहुधा भाकरी आणि जवसाची चटणीच असे. पण लुगडं बदलल्याशिवाय तिनं रात्रीच्या भाकरीचा तुकडा मोडलेला मी कधी पाहिला नाही.

ती तशी गल्लीत कुणाचीच आत्या नव्हती. गोऱ्या साहेबाच्या घरी आया म्हणून ती तीन वेळा विलायतेला जाऊन आली होती, म्हणून हे नाव पडलं. समुद्र कसा असतो असं विचारलं, की तिचं उत्तर ठरलेलं असे: "आपली बिंदुसरा पुरात कशी फुगती? तसं पाणी, पर काठच न्हाई." यापलीकडे वर्णन करायचा तिला कंटाळा होता. बोटीवर लोक काय घालतात, हे मात्र ती कितीही वेळ सांगे. सकाळी साहेब पांढरे बूट घालून फेऱ्या मारतात, दुपारी मडमा टोप्यांना जाळी बांधतात, संध्याकाळी जेवणाच्या आधी बिगूल वाजतो आणि सगळी बोट कपडे बदलायला खाली जाते. काळा कोट घातल्याशिवाय साहेबाला कुणी सूपसुद्धा वाढत नाही, असं ती सांगायची. त्यावर गल्लीतल्या बायका पदर तोंडाला लावून हसायच्या.

ती मूळची लिंबागणेशची, शेतकऱ्याघरची. प्लेगात नवरा गेला तेव्हा विशीचीही नव्हती. भाऊ औरंगाबादच्या छावणीत एका कप्तानाच्या बंगल्यावर माळी होता, त्यानं तिला तिकडे नेलं. मडमेचं तान्हं मूल हिच्याच खांद्यावर झोपायला लागलं, म्हणून विलायतेला जाताना मडमेनं हिला बरोबर घेतलं. मडम बोटीवर चढली की जेवायची वेळ सोडली तर बिछान्यातून उठत नसे. तेव्हा मूलही आत्यानं सांभाळायचं आणि मडमेच्या पेट्याही. कोणत्या वेळी कोणता झगा काढायचा, हे ती अशी शिकली. अक्षर एक येत नव्हतं, पण बावीस दिवसांचे बेचाळीस झगे तिच्या डोक्यात क्रमानं असत.

तिसऱ्या फेरीहून परत आल्यावर भावाच्या घरी तिला स्वयंपाकघरात घेईनात. समुद्र ओलांडून आलेली बाई, तिनं आधी प्रायश्चित्त घेऊन शुद्ध व्हावं, असं वडीलधारे म्हणाले. तिनं काही केलं नाही. बीडला आली, एक खोली घेतली आणि बाळंतिणींची, तान्ह्यांची कामं धरली. बायका तिच्या हातून मूल न्हाऊ घालून घेत, आणि पाणी मात्र आपल्याच घागरीतलं पीत.

एकदा गल्लीत कुजबूज वाढली. विधवा बाई रोज संध्याकाळी नीटनेटकी होऊन उंबऱ्यावर बसते, ती कुणासाठी? शेवटी तिघे कर्ते पुरुष तिला समज द्यायला गेले. त्यांत आमचे वडीलही होते. ते वकील होते, आणि असल्या कामाला त्यांना पुढे करीत. घरी आल्यावर त्यांनी आईला सगळं सांगितलं, ते मी ऐकलं. आत्यानं घोंगडी अंथरली, तिघांना बसवलं आणि त्यांचं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "कुणासाठी न्हाई, दादा. दिवस संपला, एवढं अंगाला कळावं म्हणून." वडील म्हणाले, बाईच्या बोलण्यात मला तरी खोट दिसली नाही. कुजबूज थांबली नाही, पण पुन्हा कुणी समज द्यायला गेलं नाही.

माझं तिच्याशी खरं काम पडलं ते लग्नानंतर. माझे यजमान डॉक्टर होते. सन चौदाची लढाई संपल्यावर त्यांना आफ्रिकेत मोंबाशाला रेल्वेच्या दवाखान्यात नोकरी मिळाली. वर्षभरानं त्यांनी मला बोलावून घेतलं. मुंबईहून बोट होती, दुसऱ्या वर्गाचं तिकीट होतं. पत्रात त्यांनी लिहिलं होतं, की बोटीवर संध्याकाळी सगळे साहेबी पोशाख करतात, तर मुंबईला मामांना सांगून दोन गाऊन शिवून घे, आपण गावंढळ दिसू नये. ते पत्र वाचून आई खालीच बसली. गाऊन म्हणजे काय हेच आम्हा दोघींना धड माहीत नव्हतं. आई म्हणाली, आगबोट-आत्याला बोलव.

आत्या आली ती सकाळच्या निळ्या लुगड्यात. तिनं आधी पेट्या उघडायला लावल्या. आईनं माझी चांगली रेशमी लुगडी सर्वांत मोठ्या पेटीच्या तळाशी, कडुलिंबाचा पाला घालून ठेवली होती. आत्यानं ती सगळी बाहेर काढली आणि अंगणात तीन ढीग केले. बोटीवर सामान तीन जागी जातं, ती म्हणाली. एक आपल्या खोलीत येतं, एक मधूनअधून मागता येतं, आणि एक बोटीच्या पोटात जातं ते उतरल्यावरच दिसतं. मोठी पेटी पोटात जाते. तिच्यात रेशीम ठेवलं, तर मोंबासा येईपर्यंत मी एकाच लुगड्यात बसले असते.

मग तीन आठवडे ती रोज दुपारी येत होती. दिवसाला सुती, पण खळ न घातलेलं. दमट हवेत खळ चिकटते. समुद्राच्या पाण्यात धुतलेलं कापड वाळत नाही, म्हणून आतले कपडे जास्त घ्यायचे. चामडी चप्पल ओल्या फळ्यांवर घसरते, म्हणून वडिलांनी नगरहून रबरी तळाचे कापडी बूट मागवले. बोट कोळसा घेईल त्या दिवशी सगळ्यांत जुनं नेसायचं, कारण काजळी डोळ्यांच्या कडांपर्यंत बसते. पहिल्या संध्याकाळी कुणी कपडे बदलत नाही, पेट्याच लागलेल्या नसतात. तेव्हा एकटीनंच नटून जाऊन हसं करून घ्यायचं नाही. लोखंडी जिन्यांची मला धास्ती होती. त्यावर ती म्हणाली, मडमांना झग्याचा घोळ धरून उतरावं लागतं, आपल्याला कासोटा आहे. वाऱ्यानं पदर उडू नये म्हणून तिनं शेजारच्या शिकाऱ्याकडून बंदुकीचे छर्रे आणले आणि प्रत्येक पदराच्या काठात चार-चार छर्रे शिवून टाकले.

गाऊनचा विषय तिनं बरेच दिवस काढलाच नाही. एका दुपारी पदर शिवताना एकदम विचारलं, "तुला घालायचाय का तो झगा?"

मी नाही म्हणाले. मला त्याची भीती वाटत होती, आणि यजमान रागावतील याचीही.

"मग नको घालू. तिथं कापड कुणी बघत न्हाई. बदललंय का न्हाई, तेवढं बघत्यात. त्याला तसं लिव."

मी तसं लिहिलं. निघेपर्यंत उत्तर आलं नाही. अडीच हजार मैलांपलीकडच्या माणसाची पहिलीच गोष्ट मी मोडली होती, आणि तिथं पोहोचल्यावर कोणतं तोंड समोर येईल, याचा अंदाज नव्हता. झोप नीट लागत नव्हती. आत्याला ते दिसलं असावं, कारण दुसऱ्या दिवशी तिनं आपण होऊन तिसऱ्या फेरीची गोष्ट सांगितली. ती तिनं गल्लीत कुणाला सांगितलेली नव्हती.

तिसऱ्या वेळी तिला परतीचं तिकीट देऊ असा शब्द होता. विलायतेच्या धक्क्यावर उतरल्यावर मडम म्हणाली, की आता इथली बाई ठेवणार आहोत. तिला आयांच्या एका घरात नेऊन सोडलं. अशाच सोडून दिलेल्या बाया तिथं होत्या, मद्रासच्या, बंगालच्या, एक चीनची. हिंदुस्थानात जाणारं एखादं कुटुंब येईल, त्यांना आया हवी असेल, आणि त्यांच्याबरोबर आपण घरी जाऊ, म्हणून सगळ्या खिडकीशी बसून असत. आत्या सात महिने बसली. हिवाळ्यात तिथं दुपारीच अंधार पडे, सकाळ कोणती आणि संध्याकाळ कोणती ते कळेना. मद्रासच्या एका बाईनं एक दिवस उठायचंच सोडलं. दिवसभर पांघरुणात पडून राही, खाणं तोडलं, आणि थंडी सरायच्या आत गेली.

"माज्याकडं दोनच लुगडी व्हती," आत्या म्हणाली. "घरातली घंटा वाजली की म्या बदलायची. त्या बाया इचारायच्या, कावून बदलतीस, कुठं जायचंय? कुठंच न्हाई. पर बदललं की एक दिवस कमी झाला, असं वाटायचं. पडून ऱ्हायले असते तर तिच्यावानी झालं असतं."

सांगून झाल्यावर तिनं दोरा दातानं तोडला आणि पुढचा पदर घेतला.

नगरपर्यंत बैलांच्या दमणीनं जायचं होतं. निघायच्या दिवशी आत्या पहाटेच आली आणि पेट्यांच्या दोऱ्या ओढून पाहून गेली. निरोप असा घेतलाच नाही. संस्थानाच्या सरहद्दीवर जकात घेणाऱ्या करोडगिरीच्या नाक्यावर कारकुनानं पेटी उघडायला लावली, पदर हातात घेतला आणि छर्ऱ्यांवर बोट ठेवून हे काय म्हणून विचारलं. वडिलांनी त्याला समजावता समजावता अर्धा तास गेला.

बोटीवर तिनं सांगितलेलं सगळं तसंच घडलं. पहिल्या संध्याकाळी कुणी कपडे बदलले नाहीत. दुसऱ्या दिवशी बिगूल वाजला. मी जांभळं रेशमी नेसून जेवायला गेले, आणि कुणी माझ्याकडे मुद्दाम पाहिलं नाही. मोंबाशाच्या धक्क्यावर यजमान उभे होते. त्यांनी माझ्या लुगड्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि माझ्या हातातली पेटी घेतली. गाऊनचं नाव त्यांनी पुन्हा काढलं नाही.

मधे बोटीवर एक गोष्ट घडली. चौथ्या संध्याकाळी मी डेकवर उभी होते. एक गोरी बाई कठडा धरून आली, तिच्याबरोबर दीड वर्षाचं मूल होतं. समुद्र खवळलेला होता आणि तिचा चेहरा पांढरा पडला होता. माझं लुगडं पाहून तिनं मूल माझ्या पायाशी सोडलं आणि मोडक्या हिंदुस्थानीत म्हणाली, "आया, बाबा को लो." मी येत होतं तेवढ्या इंग्रजीत सांगितलं, की मी उतारू आहे. आणि मी खाली निघून गेले.

पाच वर्षांनी मी बीडला आले, तेव्हा माझी मुलगी तीन वर्षांची होती. आत्याच्या डोळ्यांवर पडदा आला होता, पण ती चाचपत आमच्याकडे आली. मी तिला सगळा प्रवास सांगितला. त्या गोऱ्या बाईची गोष्ट मी मुद्दाम सांगितली. आपण कशा ताठ राहिलो ते तिला कळावं, असं मनात होतं. आईला ती फार आवडली.

"बरोबर हाय," आत्या म्हणाली. "तू तिकीट काढून गेलतीस." मग तिनं विचारलं, "लेकरू रडत व्हतं का?"

"हो."

"मग उचललं कुणी?"

मला ते माहीत नव्हतं. मी मागे वळून पाहिलं नव्हतं. तसं मी तिला सांगितलं. माझी मुलगी जवळ घुटमळत होती, तिला आत्यानं मांडीवर घेतलं आणि तिच्या पायांवरून हात फिरवत बसली.

पुढच्या वर्षी आत्या गेल्याचं आईचं पत्र आलं. दोन दिवसांच्या तापात गेली. गल्लीतल्या सगळ्या बाया आल्या होत्या, आणि ज्यांना-ज्यांना तिनं न्हाऊ घातलं होतं ती पोरंही, असं आईनं लिहिलं होतं.

त्यानंतर मी चार वेळा बोटीनं गेले-आले. दोनदा मला आया समजून हाक मारली गेली. कुणाचं मूल डेकवर रडत असलं, की मी आधी ते उचलते. मी कोण आहे, ते नंतर सांगते.