परीक्षेचं पाणी

आमच्या गल्लीत उन्हाळा आला की दोन घरांआड कुणीतरी ओट्यावर पाय पसरून बसलेलं असायचं. नारू! आधी पायाला फोड यायचा, तो फुटून दोऱ्यासारखा जंत डोकं काढायचा, आणि तो काडीला गुंडाळत रोज बोटभर ओढायचा. मधेच तुटला तर पाय सडायचा. निजामी जाऊन काही वर्षं झाली होती, पण नारू काही गेला नव्हता.

हैदराबादला एम.एस्सी. करताना मी प्रबंधाला हाच विषय घेतला. पायाची आग होते म्हणून माणसं बारवेच्या पायरीवर पाण्यात पाय सोडून बसतात. तिथं जंताची पिलं पाण्यात सुटतात, बारक्या किड्यांच्या पोटात शिरतात, आणि ते किडे पाण्याबरोबर माणसाच्या पोटात जातात. पुस्तकात हे होतं. मला ते माकणीकडच्या आमच्या गावच्या बारवेत दाखवायचं होतं. सरांनी कॉलेजचा सूक्ष्मदर्शक उसना दिला आणि बजावलं, "सुटीत किड्याच्या पोटात एकही पिलू सापडलं नाही, तर विषय सोडायचा. वर्ष वाया गेलं समजा."

पहिल्याच सकाळी बाटली घेऊन बारवेत उतरलो. बाया पाणी भरत होत्या. झालं! शिकलेलं पोरगं बायकांच्या वेळेला बारवेत उभं राहतं, असा गावभर बोभाटा. वडिलांनी डोळे वटारले. शेवटी आईच म्हणाली, "मी आणते की तुझं परीक्षेचं पाणी."

रोज सकाळी भांडं भरलेलं मिळायचं. बारा दिवस थेंबामागून थेंब पाहिला, डोळे सुजले, आणि पाण्यात काही म्हणता काही नाही. गावात चौघं काड्या गुंडाळून कण्हतायत आणि पाणी मात्र नितळ! मी सरांना हरल्याचं पत्र लिहायला घेतलं.

तेराव्या दिवशी लवकर उठून बाहेर आलो, तर आई घागरीतलं पाणी दुहेरी फडक्यातून माझ्या भांड्यात ओतत होती.

"आई, हे काय करतेस?"

"गाळते. दिसंना व्हय?"

"रोज गाळतेस?"

"मग? प्यायचं गाळून आन् परीक्षेचं बिनगाळता? सरकारी भिंगाखाली घाण ठेवावी व्हय?"

तिच्या माहेरी शेजारी जैनांचं घर होतं, त्यांची ही रीत तिनं उचललेली. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "वाटोळं केलंस माझं!" असं ओरडून मी फडकं हिसकावलं आणि चुलीकडं धावलो. मी जन्माचा तापट, आणि तेव्हा तर विचारूच नका.

चुलीपाशी मात्र हात थांबला. चुलत्यांकडं नारू होता, शेजारी होता. आमच्या घरात कधीच कुणाला झाला नव्हता! आणि घागरभर पाण्यातलं जे काही होतं, ते सगळं या ओल्या फडक्यावर होतं. मी ते वाटीत खळबळून धुतलं आणि थेंब भिंगाखाली धरला.

टाचणीच्या टोकाएवढे किडे नुसते उड्या मारत होते. चौथ्या थेंबात एकाच्या पोटात वेटोळं घातलेलं पिलू वळवळलं. मी असा ओरडलो की दावणीचा बैल बुजला! जाऊन आईचे पाय धरले.

"मघाशी तर वाटोळं केलं म्हनत होतास," ती म्हणाली.

तिला भिंगातून दाखवलं. बराच वेळ वाकून बघत होती. "हे पितात व्हय रं सगळी?" एवढंच बोलली. मग पेटीतलं जुनं लुगडं काढून टराटरा फाडलं आणि तुकडे घेऊन घरोघर गेली. ज्या बाया ऐकेनात, त्यांना हाताला धरून माझ्यापुढं आणून बसवलं. "बघ आधी, मग पी!"

प्रबंध झाला, पदवी मिळाली. नारू पोटात गेल्यावर वर्षभरानं बाहेर निघतो, म्हणून लगेचचा उन्हाळा मी धरला नाही. त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात गावी आलो. गल्लीच्या तोंडापासून प्रत्येक ओट्यापुढं थांबत, म्हाताऱ्याकोताऱ्यांचे, पोरांचे, बायांचे पाय बघत घरापर्यंत आलो. लोक हसत होते, हसू देत. एकाही पायाला काडी नव्हती. आई दारात उभी होती आणि मी भर गल्लीत, सगळ्यांदेखत ओरडलो, "सुटली गं आई, आपली गल्ली सुटली!"