सागरगोटे झेलणारा हात

मुलुंडच्या औद्योगिक वसाहतीतला तो गाळा भर दुपारीही ओल्या मातीच्या वासाने थंड होता. शेजारच्या गाळ्यात डब्यांची झाकणं ठोकणारं यंत्र चालू होतं, आणि त्याच्या प्रत्येक ठोक्यासरशी भिंतीवर टांगलेले प्लास्टरचे हात किंचित शहारत होते. सगळे मनगटापर्यंतचे, सगळे म्हाताऱ्या बायकांचे. एक टाळी द्यायला उचललेला. एकाची चिमूट अशी, की तिच्यातला खडू नुकताच गळून पडला असावा. एक मूठ कवड्या खुळखुळवता खुळखुळवता अर्धी उघडी राहिलेली.

हे हात घडवणारी शिल्पकार घाटकोपरला आमच्याच मजल्यावर वाढली. माझ्याहून बरीच धाकटी. आईला काकू म्हणते, मला ताई. बालपण आणि खेळ हाच तिच्या कामाचा विषय. यापूर्वी तिने ठिकरीच्या खेळाची घरं काळ्या दगडात कोरली होती, एकाच पावलाने झिजलेली. आता ती वृद्ध बायकांच्या हातांचे साचे घेत होती, प्रत्येकीने लहानपणी खेळलेल्या खेळाच्या मुद्रेत. माणूस विसरतो, हात विसरत नाही, असं तिचं म्हणणं होतं, आणि मला त्यावर विश्वास ठेवायचा होता.

कारण मला आईचा हात हवा होता. माझ्या लहानपणी दुपारची भांडी आवरली की ती फरशीवर बसून सागरगोटे खेळायची. देवगडच्या किनाऱ्यावरच्या काटेरी जाळीतून आणलेल्या त्या राखाडी, गुळगुळीत बिया. ओंजळीतून उडवायच्या, क्षणात हात उपडा करायचा, आणि त्या बोटांच्या मागच्या बाजूवर अलगद उतरवून घ्यायच्या. बिया एकमेकींवर आपटताना दातांवर दात वाजावेत तसा बारीक आवाज येई. तो उपडा, किंचित खोलगट झालेला हात माझ्या आठवणीतली सर्वांत सुंदर वस्तू आहे. आता त्या हाताला कंपवात जडला होता. गोळी घेतल्यावर तासभर तो शांत राहायचा, पण हा तासही आखडत जाणार आहे, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. तो हात थरथरीत पुरता विरून जाण्याआधी मला कुठेतरी ठेवून द्यायचा होता.

आई मात्र मजेत होती. भिंतीसमोर उभी राहून एकेक हात न्याहाळत म्हणाली, "ही बाई चोरटी होती हां. करंगळी बघ कशी आत घेतलीय. कवडी लपवायची."

"काकू, त्या माझ्या सासूबाई."

"मग तुला माहीतच असेल की गो."

शिल्पकार इतकी हसली की तिच्या हातातल्या डब्यातून पावडर सांडली. दातांचं माप घ्यायला वापरतात ती ही गुलाबी पावडर. पाण्यात कालवली की दाट लेप होतो, आणि थोड्या वेळात तो रबरासारखा बसतो. हात आत असताना लेप बसला की हात ओढून काढायचा, आणि मागे राहिलेल्या पोकळीत प्लास्टर ओतायचं. पेपरमिंटचा वास सुटला. आईने नाक उडवलं. "दात काढायला आणलंत काय मला? दोनच उरलेत धड."

हात थरथरण्यापूर्वी लेप बसावा म्हणून पाणी कोमट घेतलं होतं. आईने हवेत हात धरून दाखवला: उपडा, बोटं जराशी विलग, अगदी माझ्या आठवणीतला. "अस्साच ठेवा," शिल्पकार म्हणाली. तिने आईचं मनगट धरलं, उभ्या डब्याच्या गोल तोंडातून हात आत सारला आणि म्हणाली, "सैल सोडा, काकू."

लेप बसला. हात बाहेर येताना हवा शिरल्याचा ओला आवाज झाला. प्लास्टर ओतलं, ते घट्ट होईपर्यंत आम्ही कटिंग चहा घेतला. मग गुलाबी रबराच्या चिंध्या सोलत सोलत हात बाहेर काढला. प्लास्टर अजून कोमट होतं, अंगात ताप असल्यासारखं.

हा हात उपडा नव्हता. बोटं एकत्र मिटून निमुळती झाली होती, आणि अंगठा तळव्यात खोल दुमडून बसला होता.

"काकू, हात हलला तुमचा."

"छे! दगडासारखा धरला होता."

दुसऱ्यांदा लेप कालवला. या वेळी मी वाकून बघत राहिले. हवेत हात पुन्हा झेलण्याच्या पवित्र्यात आला. शिल्पकाराने मनगट धरलं, डब्याचं गोल तोंड बोटांना भिडलं, आणि माझ्या डोळ्यांदेखत आईचा अंगठा आत वळला. बोटं एकमेकींच्या पोटाशी सरकली. हात अरुंद झाला आणि काही न बोलता आत गेला.

मला तो हात कळला. लग्नसराईत घरी बोलावलेल्या कासारापुढे बायका असाच हात करतात. तो मनगट धरतो, बोटं दाबून मऊ करतो, सैल सोडा म्हणतो, आणि बाई अंगठा मिटून आपला हात बांगडीच्या मापाचा करते. बाबा गेल्यापासून आईने काचेची बांगडी भरलेली नाही. तिच्या मनगटावर सोन्याची एकच पातळ बांगडी आहे, आणि तीही आज प्लास्टर लागेल म्हणून माझ्या पर्समध्ये होती. तरीही कुणी मनगट धरलं आणि समोर गोल कडा आली, की तो हात आपण होऊन लहान होत होता.

"आई, अंगठा का दुमडतेस?"

"मी? कुठे दुमडला?" ती खरोखरच चकित झाली होती.

दुसरा हात सोलून बाहेर आला तेव्हा तो पहिल्याच्या शेजारी ठेवला. जुळे म्हणावेत इतके सारखे. शिल्पकार त्यांच्यापुढे उकिडवी बसली. मग हळूच म्हणाली, "काकू, मला जे हवं होतं त्यापेक्षा हे जास्त आहे. प्रदर्शनात ठेवू?"

आईने एक हात उचलून उलटसुलट केला. "माझा हात इतका गप्प कधी बसला गो? ठेव तू. पण खेळाच्या भिंतीवर नको लावूस. हा काय खेळत नाय."

मी ऐकायला तयार नव्हते. गोळीचा तास उतरत होता. आईच्या तर्जनीत ती ओळखीची लहर सुरू झाली होती. मी शिल्पकाराला म्हटलं, मोठ्या तोंडाची बादली घे, मनगट धरू नकोस, आई स्वतःच हात घालेल. पर्समधून घरून आणलेले सागरगोटेही काढले. हातात बिया असल्या तर हात फसणार नाही, असं मला वाटलं. शिल्पकाराने घाईने लेप ढवळायला घेतला.

"आई, बिया उडव. झेलल्यास की हात तस्साच ठेव. हवेत थांबव."

आईने माझ्याकडे पाहिलं. लहानपणी मी डाव सोडून रडायला लागले की ती बघायची, तशी.

"थांबवू कसा? थांबलेला हात म्हणजे हरलेला हात. वरचा गोटा खाली येतो ना. एवढं शिकवलं तुला, सगळं फुकट."

ती फरशीवर मांडी घालून बसली. बिया उडवल्या. हात उपडा झाला, थरथरला, आणि त्या सगळ्या तिच्या बोटांवरून ओघळून मातीच्या पोत्यापर्यंत गेल्या. तिने पुन्हा गोळा केल्या. पुन्हा उडवल्या. एकच बी क्षणभर मधल्या बोटावर टेकली आणि निसटली. शेजारचं यंत्र ठोकत राहिलं. हात वर जाताना, पालथा होताना, चुकताना मी पाहत होते; आणि तो एका जागी कधीच नव्हता, माझ्या लहानपणीही नव्हता. मी त्याला एवढी वर्षं थांबलेला आठवत आले होते.

"ताई, लेप बसेल आता," शिल्पकार म्हणाली.

"बसू दे," मी म्हटलं, आणि आईसमोर फरशीवर बसले.

"तुझा डाव," आई म्हणाली. तिने बिया माझ्या ओंजळीत ओतल्या. तिच्या हाताने त्या उबदार झाल्या होत्या. "आणि रडी खेळायची नाय. तुझी खोड मला माहितेय."

मी बिया उडवल्या. आमच्या मागे बादलीतला गुलाबी लेप कुणाचाही हात न घेता घट्ट होत गेला.