मामीचे ब्रेक

त्या तीन आठवड्यांत मी जितकी चिडले, तितकी स्वतःच्या लग्नातसुद्धा चिडले नव्हते. आणि भांडण कशावरून? तर कधीच संपून गेलेल्या एका मालिकेच्या विकीवर जाहिराती लावायच्या की नाही, यावरून!

विकी म्हणजे चाहत्यांनी हौसेनं, फुकटात लिहिलेला कोश. आमचा कोश जबलपुरात मामीच्या बैठकीत दर रविवारी वाढायचा. मामी सांगणार, मी टाइप करणार आणि मशिनीचं काय ते मामेभाऊ बघणार. मालिका मराठी, केबलवर रोज संध्याकाळी लागायची. मामा तेव्हा दारूगोळ्याच्या फॅक्टरीत होते, खमरियाला फॅक्टरीच्याच क्वार्टरात बिऱ्हाड होतं. क्वार्टरांच्या अख्ख्या लाइनीत मराठी समजणाऱ्या चारपाच बाया, त्याही हिंदी मालिका बघणाऱ्या, त्यामुळे मालिकेबद्दल बोलायला माणूस नाही. म्हणून मामी रोजचा भाग लिहून ठेवायची. कशावर? कॅलेंडरच्या पाठीवर. मराठी कॅलेंडर जबलपुरात लवकर मिळायचं नाही, नागपूरहून येणारा कोणीतरी ते गुंडाळून आणायचा, आणि मग दूध, सिलिंडर आणि मालिकेतल्या सूनबाईचे हाल हे सगळं त्यावर एकाच पेनानं उतरायचं.

पहिलं पान लिहायला बसलो, तेव्हा मामी वाचत गेली तसं मी टाइप केलं आणि एकदाही न तपासता चढवून दिलं. ते असं होतं: 'सूनबाईची स्मृती गेली. ब्रेक. कुकर लावला. शेजारणीनं नेलेली कुकरची रिंग परत केली, पण ती आपली नाही. सूनबाईनं नवऱ्याला भैया म्हटलं.'

दुसऱ्या दिवशी अकोल्याच्या एका बाईंनी खाली लिहिलं, 'स्मृती परत येते, माहीत आहे. रिंग आली का?'

झालं! त्या दिवसापासून प्रत्येक पानावर 'कथानक', 'पात्रं' आणि 'ब्रेकमध्ये' असे तीन मथळे. लोक तिसराच आधी वाचायचे. मामी सत्तरीची, मामा गेल्यापासून गप्प गप्प झालेली, पण रविवारी मी पायरी चढायच्या आधीच विचारायची, "काय म्हणते वो माझी अकोलेवाली?"

मग एका रविवारी मामेभावानं बॉम्ब टाकला. सर्व्हरचं भाडं इतकं वाढलं, की आता खिशातून भरणं त्याला जमणार नव्हतं. एक तर जाहिराती लावा, नाहीतर महिनाअखेर दुकान बंद.

"सगळं उतरवून पेनड्राइव्हवर देतो ना, आई," तो म्हणाला.

"पेनड्राइव्ह घेऊन मी काय करू?" मामी म्हणाली. "रिंगेचं विचारणारं कोण राहीन मग?"

आणि ती आत निघून गेली. तिची कॅलेंडरं तर मागच्या दिवाळीच्या आवराआवरीत मीच रद्दीत घातली होती. 'सगळं विकीवर आहे, मामी' असं वर ऐटीत सांगितलं होतं. ते पाप माझंच.

तरी जाहिरातींना माझा कडाडून विरोध! मी म्हटलं, वर्गणी काढू. मामेभाऊ म्हणाला, "दीदी, लोक गणपतीला देतात. खाष्ट सासूच्या विकीला कोण देईल?" मग त्यानं नमुना म्हणून एक दिवस जाहिराती लावून दाखवल्या. सासूच्या मृत्यूच्या पानावर कवळीची जाहिरात! नायकाच्या तिसऱ्या लग्नाच्या पानावर वधू-वर सूचक मंडळ! मी त्याला असा झाडला, की विचारू नका.

"अरे यार दीदी, लोग देखते थोड़ी हैं," तो पुटपुटला.

"बघत नाहीत तर लावतोस कशाला रे शहाण्या? चल, मामीलाच विचारू."

मला खात्री होती. जाहिरात लागली की 'आले मेले!' म्हणून उठणारी मामी आम्ही लहानपणापासून बघितलेली.

पुढच्या रविवारी मामी मटर सोलत बसली होती. मझौलीकडचे भरल्या शेंगांचे, कोवळे मटर, टोपलीभर. मामेभावानं लॅपटॉप तिच्यासमोर ठेवला. पान उघडलं आणि अर्ध्या पडद्यावर धपकन गुडघेदुखीचं तेल आलं.

मामी उठली. सरळ स्वयंपाकघरात. भांड्यांचा आवाज आला.

"बघ!" मी ओरडले. "उठून गेली ना? मिळालं उत्तर?"

इतक्यात मामी दारात उभी. हातात कुकर.

"अगं बाई," ती म्हणाली, "जाहिरात दिसली न् मी कुकर लावून राहिली होती!"

आम्ही हसून हसून लोळलो. तीही हसली, कुकर मांडीवर घेऊन बसली, आणि पडद्याकडे बोट करून म्हणाली, "किती वेळ चालते रे ही?"

"ही संपत नाही, आई. घालवायची असली तर कोपऱ्यात फुली आहे, ती दाबायची."

"राहू दे," मामी म्हणाली. "तुझ्या बाबाले मालिका कवडीची आवडत नव्हती. भाग सुरू असला की मी त्यांना बोलू देत नव्हती. ब्रेक लागला की हे स्वयंपाकघरात यायचे, मटर सोलायचे, फॅक्टरीतलं सांगायचे. मालिका सुरू झाली की मी म्हणायची, चलो, बस आता! उरलेलं पुढच्या ब्रेकात. एकदा ते काहीतरी सांगत होते, मी असंच थांबवलं. पुढच्या ब्रेकात विचारलं तर म्हणे, विसरलो."

मामीनं चष्मा काढून पदरानं पुसला.

"ही संपत नाही म्हणतो ना? मग काहून गप्प बसले वो तुम्ही? बोला ना काही."

मी एक शेंग उचलली.

"मामी," मी म्हटलं, "ती रिंग शेवटी आली का हो?"

"कुठची येते!" मामीनं कुकर खाली ठेवला आणि टोपली पुढे ओढली. "आणि काहून नाही आली, ते ऐक आता."

फुलीला कोणी हात लावला नाही.